पाणी खारं की पाणी जास्त?

या वेळचं पत्र चार पानी आहे, त्याचा गोषवारा असा. पत्रलेखकांच्या घराचं बांधकाम चालू आहे. तळमजल्याच्या स्लॅबला साधं पोर्टलँड सिमेंट आणि नळाचं पाणी वापरलं. त्याचे क्यूब, म्हणजे ताकद तपासायला त्याच काँक्रीटचे ओतलेले ठोकळे, सात दिवसांनी चौरस मिलिमीटरला १९ न्यूटनवर फुटले. वरच्या स्लॅबच्या वेळी ठेकेदाराने सिमेंटचा चौथा हिस्सा कमी केला आणि तेवढ्याच वजनाची फ्लाय ॲश, म्हणजे कोळशाच्या धुराड्यातून पकडलेली बारीक राख, घातली. नळाचं पाणी पुरेना म्हणून त्याच आठवड्यात नव्या बोअरचं पाणीही सुरू झालं. ते जिभेला खारट लागतं आणि बादलीला पांढरा थर धरतं. या स्लॅबचे क्यूब सात दिवसांनी १२.५ वर फुटले. अठ्ठावीस दिवसांनी २५ यायला हवेत. ठेकेदार पाण्याला दोष देतो, घरचे राखेला. प्रश्न तीन: दोषी कोण, स्लॅब तोडायचा का, आणि उरलेल्या कामाला काय वापरायचं.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तुमची झोप त्यानेच उडाली असणार. स्लॅब तोडू नका. मात्र त्याखालच्या टेकूंना कोणालाही हात लावू देऊ नका. मागच्या स्लॅबचं सेंट्रिंग ज्या दिवशी काढलं, त्याच हिशेबाने याचंही काढायला माणसं येतील. त्यांना परत पाठवा. राखेचं काँक्रीट सावकाश ताकद धरतं, आणि तारखेकडे बघून टेकू काढणं हा त्यातला खरा धोका आहे. अठ्ठावीस दिवसांचे क्यूब फुटेपर्यंत टेकू राहू द्या. सेंट्रिंगचं भाडं वाढेल, ते वाढू द्या.

आता दोषी कोण. तुम्ही एकाच स्लॅबला दोन गोष्टी बदलल्या, त्यामुळे कोणाकडेही बोट दाखवायची सोय झाली. पण आकडे आणि पत्रातली दोन वाक्यं एकत्र वाचली की बरंच कळतं.

आकड्यांचं आधी. चौथा हिस्सा राख घातली आणि बाकी सगळं तसंच ठेवलं, तर सात दिवसांची ताकद साध्या सिमेंटच्या पाऊणपट येणं यात मला काही वावगं वाटत नाही. १९ चे पाऊणपट म्हणजे साधारण १४. तुमचे क्यूब १४ ला फुटले असते तर मी दोन ओळींत उत्तर संपवलं असतं: राखेचा स्वभाव आहे, वाट बघा. तुमचे फुटले १२.५ ला. म्हणजे साडेसहा न्यूटनच्या घसरणीतला मोठा भाग राखेच्या संथपणाचा आणि दीडेक न्यूटन आणखी कशाचा तरी. तो 'आणखी कशाचा तरी' शोधायचा आहे.

राख संथ का, ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. सिमेंट आणि पाणी यांच्या क्रियेतून दोन गोष्टी तयार होतात. एक तो चिकट जेल, जो वाळू-खडीला धरून ठेवतो, ताकद त्याची. दुसरा चुना, जो ताकदीच्या दृष्टीने जवळजवळ निकामी. राखेतली काचेसारखी सिलिका हा निकामी चुना खाते आणि त्यातून पुन्हा तसाच जेल करते. पण चुना तयार झाल्याशिवाय ती खाणार काय? शिवाय तयार झाल्यावरही ती सावकाश खाते, थंडीत तर फारच सावकाश. पहिल्या आठवड्यात राख काँक्रीटमध्ये बारीक भुकटी म्हणून नुसती बसून असते, असं धरलं तरी फारसं चुकत नाही.

याचा हिशेब करू. समजा घनमीटरला ४०० किलो सिमेंट आणि १८० लिटर पाणी होतं. पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५; हे जितकं जास्त, तितकी ताकद कमी. आता ३०० किलो सिमेंट आणि १०० किलो राख घेतली, पाणी तेवढंच. राखेला सिमेंटइतकंच मोजलं तर गुणोत्तर अजूनही ०.४५. तिला शून्य मोजलं तर ते ०.६० होतं. युरोपीय मानक ईएन २०६ मधला मार्ग व्यवहारी आहे: राखेचं वजन ०.४ ने गुणून सिमेंटमध्ये मिळवायचं. म्हणजे ३०० अधिक ४० झाले ३४०, आणि १८० भागिले ३४० येतं ०.५३. कागदावर तुमचं मिश्रण जुनंच होतं, पण सुरुवातीच्या दिवसांत ते ०.५३ च्या काँक्रीटसारखं वागलं. राखेचं चांगलं मिश्रण करणारा मुरलेला माणूस म्हणूनच दोन गोष्टी करतो: राख काढलेल्या सिमेंटपेक्षा थोडी जास्त घालतो आणि पाणी कमी करतो.

पाणी कमी करणं शक्य असतं, कारण राखेचे कण गोल असतात. भिंगाखाली बघितलं तर अगदी गोट्या. सिमेंटचे कण फुटलेल्या दगडासारखे टोकदार. गोट्यांमुळे काँक्रीट घसरतं, वाहतं. आणि इथे तुमच्या पत्रातलं पहिलं वाक्य येतं: "मिस्तरी खूश होता, म्हणाला राखेमुळे माल लोण्यासारखा वाहतोय." अहो, ते वाहणं म्हणजे तुमची वाचवता आली असती अशी पाण्याची बचत होती! माल पहिल्यासारखा घट्ट ठेवून चार-पाच टक्के पाणी कमी टाकलं असतं, तर राखेने काढून घेतलेलं बरंचसं तिनेच परत दिलं असतं. मिस्तरीने ती बचत लोण्यात घालवली.

शिवाय टाकलेलं पाणी खरोखर १८० लिटर होतं का? घनमीटरला सातशे किलो वाळू धरा. ती पाच टक्के ओली असेल तर वाळूबरोबरच पस्तीस लिटर पाणी मिक्सरमध्ये गेलं, आणि कोणी मोजलं नाही. १८० चे २१५ झाले की ०.४५ चं गुणोत्तर राखेशिवायच ०.५४ वर जातं. ओली वाळू मुठीत दाबून गोळा होतो का बघायला दहा सेकंद लागतात. ते कोणी करत नाही. शिकागोतल्या डफ अब्रॅम्सने १९१८ मध्ये मांडलं की वाळू-खडी-सिमेंट तेच असेल आणि काँक्रीट नीट दाबलेलं असेल, तर ताकद पाण्याच्या प्रमाणावर ठरते. शंभर वर्षं उलटून गेली, अजून बादलीवर खूण करून पाणी घालणारा मिक्सरवाला दिसला की मला त्याच्याशी हस्तांदोलन करावंसं वाटतं.

याच अब्रॅम्सने १९२४ मध्ये घाणेरड्या पाण्याच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. समुद्राचं, दलदलीचं, खाणीतलं, कारखान्यांचं सांडपाणी अशा कितीतरी पाण्यांत काँक्रीट कालवलं. दिसायला, वासाला भयानक असलेल्या बऱ्याच पाण्यांनी ताकद फारशी कमी केली नाही. तुमच्या बोअरच्या पाण्याबद्दल म्हणूनच मी घाबरलेलो नाही. बादलीला धरणारा पांढरा थर बहुधा कॅल्शियम-मॅग्नेशियमचा, म्हणजे पाण्याच्या जडपणाचा. पाणी साबणाला वाईट, गिझरला वाईट, पण काँक्रीटच्या ताकदीला त्याने सहसा काही होत नाही. सोडियम-पोटॅशियमचे कार्बोनेट, बायकार्बोनेट भरपूर असतील तर सिमेंट अवेळी आवळतं, म्हणजे घट्ट होतं, किंवा रेंगाळतं, ते बघावं लागेल. पण ते नुसतं बघून कळत नाही.

'पिण्याजोगं पाणी काँक्रीटला चालतं' हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ढोबळमानाने ठीक आहे, पण दोन्ही बाजूंनी गळकं आहे. गढूळ पाणी पिता येत नाही, पण रात्रभर टाकीत ठेवून गाळ बसू दिला आणि उपसा तळापासून वीतभर वरून घेतला तर ते काँक्रीटला बहुधा चालतं. उलट साखरेचं पाणी आनंदाने पिता येतं आणि काँक्रीटला ते विष आहे. सिमेंटच्या वजनाच्या ०.०५ टक्के साखर आवळण्याला तासन्‌तास उशीर लावते. पन्नास किलोच्या गोणीला हे होतात पंचवीस ग्रॅम, म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. उमेदवारीच्या दिवसांत एका कामावर पाणी साठवायला जुनी पिंपं आणली होती. आधी त्यांत साखर कारखान्यातली मळी होती, हे आम्हाला नंतर कळलं. संध्याकाळी कॉलम भरले. दुसऱ्या दिवशी सकाळी शटरिंगच्या वरच्या तोंडातून मी अंगठा दाबला तर तो नखापर्यंत आत गेला आणि ठसा तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी काँक्रीट आवळलं. वरिष्ठांनी तोडायला लावलं नाही, नुसतं ओलं ठेवायला सांगितलं, आणि अठ्ठावीस दिवसांचे क्यूब नेहमीपेक्षा किंचित वरच आले. साखर उशीर लावते, पण प्रमाण थोडं असेल आणि एकदा ते आवळलं, तर पुढची ताकद जात नाही. हे तेव्हा ठाऊक नसल्याने तीन रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. तुमच्या स्लॅबबद्दल मात्र तुम्ही लिहिलंय की दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर चालता येत होतं. म्हणजे आवळण्यात गडबड नव्हती, आणि पाण्यावरचा अर्धा संशय तिथेच गळतो.

ताकद खाणारी आणखी एक गोष्ट पाण्यात असू शकते: शेवाळ. ते काँक्रीटमध्ये हवेचे बुडबुडे धरतं, आणि दर एक टक्का हवेमागे ताकद साधारण पाच टक्के घटते. टाकी हिरवी झाली असेल तर घासून घ्या. बोअरच्या ताज्या पाण्यात शेवाळ नसतं, पण उघड्या टाकीत महिनाभर उन्हात राहिलं की येतंच.

पण खारट चवीचं काय? तिची काळजी करा, फक्त वेगळ्या कारणासाठी. मिठातला क्लोराइड काँक्रीटची ताकद बिघडवण्याआधी आतल्या सळईला गंजवतो. किंबहुना समुद्राच्या पाण्याने कालवलेलं काँक्रीट सुरुवातीच्या दिवसांत जास्तच जोमाने ताकद धरतं, नंतर मागे पडतं. त्यामुळे क्यूब चांगला आला म्हणून खारं पाणी चाललं, असा निष्कर्ष काढणारा माणूस दहा-पंधरा वर्षांनी स्लॅबच्या तळाचे पापुद्रे गोळा करत बसतो. लोखंड असलेल्या काँक्रीटसाठी पाण्यातल्या क्लोराइडची मर्यादा युरोपीय ईएन १००८ मध्ये लिटरला १००० मिलिग्रॅम आहे. भारतीय आयएस ४५६ मध्ये ५००. समुद्राच्या पाण्यात हा आकडा १९,००० च्या आसपास असतो. १८० लिटर समुद्राचं पाणी म्हणजे घनमीटरला जवळजवळ साडेतीन किलो क्लोराइड, ४०० किलो सिमेंटच्या ०.८५ टक्के. ईएन २०६ सळईच्या काँक्रीटला साधारण ०.२ ते ०.४ टक्क्यांवर थांबतं, आणि त्यात वाळूतला, रसायनांतला क्लोराइडही धरायचा असतो. तुमचं पाणी जिभेला खारट लागतंय, म्हणजे शंभर-दोनशेच्या पुढे नक्की. पाचशेच्या आत की बाहेर, ते प्रयोगशाळाच सांगेल. त्यासाठी टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो विरघळलेल्या सगळ्या क्षारांची बेरीज दाखवतो. त्यात जडपणा किती आणि मीठ किती, ते त्याला कळत नाही. प्रयोगशाळेकडून क्लोराइड, सल्फेट, सामू आणि कार्बनी द्रव्यं एवढंच मागा. मोठा अहवाल नको.

जमेची एक बाजू: राख आणि लोखंडाच्या भट्टीची मळी (स्लॅग) यांतली ॲल्युमिना थोडा क्लोराइड बांधून ठेवते, आणि त्यांचं मुरलेलं काँक्रीट दाट होतं, बाहेरून येणाऱ्या खाऱ्या पाण्याला वाट देत नाही. म्हणून समुद्रकाठच्या कामांत त्यांना मान आहे. पण म्हणून कालवायला खारं पाणी घ्यायचं, हे औषध आहे म्हणून विष प्यायल्यासारखं झालं.

पाण्याचा निवाडा करायची खरी पद्धत साधी आहे आणि तीच मला सगळ्यात आवडते. एकाच गोणीचं सिमेंट, तीच वाळू-खडी कोरडी करून, तेच प्रमाण, आणि पाणी एका घाण्यात बोअरचं, दुसऱ्यात ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड). दोन्हींचे तीन-तीन क्यूब. बोअरचे क्यूब दुसऱ्यांच्या ९० टक्क्यांपर्यंत आले तर ताकदीपुरतं पाणी पास. अमेरिकेचं एएसटीएम सी १६०२ आणि ईएन १००८ हे सात दिवसांवर बघतात, आयएस ४५६ अठ्ठावीस दिवसांवर, पण ९० हा आकडा तिन्हींत आहे. हे क्यूब राख न घालता करा, नाहीतर पुन्हा दोन गोष्टी एकदम बदलल्याचा घोळ.

आता पत्रातलं दुसरं वाक्य, जे तुम्ही ओघात लिहून गेलात: "क्यूब गच्चीवर दोन दिवस होते, मग प्रयोगशाळेत दिले." गच्चीवर म्हणजे उन्हात, आणि बहुधा कोरडे. माझा संशय इथे सगळ्यात दाट आहे. क्यूब पहिला दिवस साच्यात ओल्या गोणपाटाखाली आणि मग थेट पाण्यात बुडवून ठेवायचे असतात. साधं सिमेंट अशी हेळसांड थोडी सहन करतं. राखेच्या मिश्रणाला ती झेपत नाही, कारण तिची क्रियाच पुढे व्हायची असते आणि पाणी उडून गेलं की ती जागीच थांबते. दीडेक न्यूटन गच्चीवर वाळले असणं मला सहज पटतं. बाकीचे क्यूब आता टाकीत आहेत ना, ते आजच विचारा.

स्लॅबलाही हेच लागू. राखेच्या काँक्रीटला सात दिवस पाणी मारून हात झटकता येत नाहीत. दहा दिवस किमान, कडक ऊन असेल तर चौदा. आळी बांधून पाणी भरून ठेवा, सकाळ-संध्याकाळ नळी फिरवणं म्हणजे क्युरिंग नव्हे. स्लॅबच्या वरच्या बाजूची सोय होते, पण कॉलम उभे कोरडे राहतात. त्यांना गोणपाट गुंडाळा. अर्धवट मुरलेल्या राखेच्या काँक्रीटचा बाहेरचा इंचभर भाग सच्छिद्र राहतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत जातो आणि सळईचं संरक्षण करणारा काँक्रीटचा अल्कधर्मी गुण संपवतो. खारं पाणी आणि कमी क्युरिंग एकत्र आले तर सळईला दोन बाजूंनी मार.

राख खोटी आहे का, हा घरच्यांचा संशय. तपासायला हरकत नाही. मूठभर राख काचेच्या बरणीत पाणी घालून हलवा. वर काळपट साय तरंगली तर न जळलेला कोळसा जास्त आहे. तो पाणी पितो आणि रसायनंही शोषतो. बोटांत चोळून वाळूसारखी करकर लागली तर ती भट्टीच्या तळाची जाड राख असू शकते, धुराड्यातून पकडलेली बारीक राख नव्हे. बरणीचा खेळ अंदाजापुरता. पुरवठादाराकडून चाचणीचा कागद घ्या. एएसटीएम सी ६१८ प्रमाणे जाळून घटणारं वजन ६ टक्क्यांच्या आत आणि ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर उरणारा भाग ३४ टक्क्यांच्या आत हवा. आणि सिमेंटची गोणी उलटून वाचा. तुम्ही 'साधं सिमेंट' म्हणता, पण त्यावर पोझोलाना किंवा स्लॅग असा शब्द असेल तर राख किंवा भट्टीची मळी कारखान्यातच घातलेली आहे. त्यात वरून आणखी चौथा हिस्सा घातला तर राखेत थोडं सिमेंट घातल्यासारखं होतं. ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की हल्ली पहिला प्रश्न हाच विचारतो.

राखेच्या कल्पनेला नावं ठेवू नका. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातलं हंग्री हॉर्स धरण १९५३ मध्ये पूर्ण झालं, त्यात ती हजारो टनांनी गेली. संथ असल्यामुळेच अवजड काँक्रीट आतून कमी तापतं. तुमचे मेहुणे सुचवतात ती सिलिका फ्यूम वेगळ्या जातीची. तिचे कण सिमेंटच्या शंभरपट बारीक, ताकद लवकर देते, पण पाणी इतकं मागते की सुपरप्लास्टिसायझरशिवाय, म्हणजे कमी पाण्यात माल वाहता ठेवणाऱ्या रसायनाशिवाय, हातात धरू नये. घरच्या कामाला तिची गरज नाही. भाताच्या तुसाची राख तर कुठे, किती तापमानाला जाळली यावर सगळं अवलंबून. शेतातल्या ढिगाची घेऊ नका.

तर उरलेल्या कामाला असं करा. क्लोराइडचा अहवाल येईपर्यंत काँक्रीट कालवायला नळाचंच पाणी ठेवा, कमी पडलं तर बोअरचं विटा भिजवायला वापरा, सळईजवळ नको. राख वीस टक्क्यांवर आणा, वाळूचा ओलावा वजा करा, मिक्सरजवळच्या बादलीला रंगाने खूण करा आणि मिस्तरीला सांगा की माल लोण्यासारखा झाला तर एक घाणा फेकावा लागेल. आधी कॉलमचा एक घाणा करून बघा, मग स्लॅब.

हातात असलेल्या क्यूबपैकी तीन अठ्ठावीस दिवसांना फोडा आणि तीन छप्पन्न दिवसांसाठी टाकीत राहू द्या. ठेकेदार सगळे एकदम फोडायचा आग्रह धरेल, ऐकू नका. अठ्ठावीस दिवसांना २२-२३ आले तरी मी शांत राहीन, छप्पन्नची वाट बघेन. टेकूंचं मात्र तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारल्याशिवाय काही ठरवायचं नाही. १८ च्या खाली आले तर स्लॅबमधून तीन कोर, म्हणजे यंत्राने कापलेले गोल नमुने, काढून घ्या. कोरची सरासरी हव्या असलेल्या ताकदीच्या ८५ टक्के आणि एकही ७५ टक्क्यांखाली नाही, एवढं झालं तर स्लॅब राहतो. आकडे आले की कळवा, आणि सोबत गोणीच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा.